‘मला पाच तास पुरतात’ म्हणणाऱ्या धाकटीस

‘मला पाच तास झोप पुरते गं ताई,’ असं तू ठासून सांगतेस, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. राग मानू नकोस. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तुला मनापासून तसंच वाटत असणार, आणि खरी पंचाईत तिथंच आहे.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४८ धडधाकट माणसं घेतली होती. काहींना रोज आठ तास अंथरुणात राहू दिलं, काहींना सहा, काहींना चारच, असं सलग १४ रात्री. एका गटाला तर तीन रात्री झोपूच दिलं नाही. रोज त्यांची परीक्षा घ्यायचे, पडद्यावर खूण उमटली की बटण दाबायचं, एवढीच. आठ तासवाले ठीक राहिले. सहा आणि चार तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या, आणि दोन आठवड्यांनी त्यांची गत एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसांसारखी झाली. पण ‘किती झोप येतेय?’ असं विचारलं, की पहिल्या काही दिवसांनंतर ते म्हणायचे, फारशी नाही, सवय झाली आता.

म्हणजे बघ, झोप कमी पडते हे ज्या डोक्यानं ओळखायचं, तेच डोकं आधी बोथट होतं. म्हणून तुझ्या डोक्याची साक्ष मी धरत नाही. संध्याकाळी पोरांवर उगाच डाफरतेस, दूध गॅसवर ठेवून विसरतेस, एसटीत खिडकीशी जागा मिळाली की तिकीट काढायच्या आत मान कलते. ही साक्ष मी धरते. मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी सगळे अभ्यास चाळून २०१५ मध्ये सांगितलं. पाच तासांत खरोखर भागणारी माणसं जगात असतात, पण फार विरळा. आपल्या आळीत तशा चार-पाच जणी निघाव्यात, हे काही पटत नाही.

आता तुझा दिवस मीच मांडते. पहाटे चारला उठायचं, गोठा, धार, डेअरीची गाडी यायच्या आत कॅन रस्त्यावर. मग डबे, आंघोळीचं पाणी, आत्याबाईंचा चहा, पोरांची शाळा. दिवसभर खुरपणी नाहीतर कांद्याची काटणी. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की तुझं ताट, मग भांडी, विरजण, सकाळची भाजी निवडून ठेवायची. अकरा वाजता पाठ टेकते, आणि दिवसभरात तेवढीच वेळ आपली म्हणून हातात मोबाईल येतो. त्या मोबाईलवरून मी तुला रागावणार नाही. सगळं जग झोपल्यावरच जिला स्वतःचा वेळ मिळतो, तिनं तो झोपेतून चोरला तर नवल काय? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात, आणि घरकाम करतो म्हणणाऱ्या पुरुषाची ८८. मधल्या २०१ मिनिटांचा हिशोब कुठंतरी लागणारच. तो तुझ्या उशीशी लागतो.

म्हणून मला तुला झोपेच्या टिपा द्यायच्याच नाहीत. गरम दूध प्या, पायाला तेल लावा, हे तुला कुणीही सांगेल. माझं म्हणणं असं, की झोप ही घरात वाटली जाणारी गोष्ट आहे आणि तिची वाटणी चुकलेली आहे. पूर्वी दूध-तूप कुणाला आधी आणि कुणाला उरलं तर, हे ठरलेलं असायचं, तसं. तुझ्या शेजारच्या जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं. आजाराचं मूळ पाण्यात, धान्यात आणि बाईच्या घरातल्या जागेत असतं, हे धरून त्यांनी काम केलं. झोपेला हेच लागू आहे, पण अजून कुणी झोपेचं नाव घेत नाही.

तुझ्या नवऱ्याचीही बाजू घेते, नाहीतर म्हणशील ताई एकतर्फी बोलते. त्याचीही झोप लुटली गेलीय, फक्त लुटणारा वेगळा. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची, हे चक्र आपल्या नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं भोगलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवर नगरच येतं.) थंडीत मध्यरात्री थ्री फेज यायची, मग बॅटरी घेऊन मोटर चालू करायला आणि पाण्याची दारं धरायला जायचं. राहुरी, संगमनेर, अकोल्याकडं उसात बिबट्या, म्हणून एकट्यानं जायची सोय नाही. मग बायको सोबत. म्हणजे एका मोटरीपायी दोघांची झोप गेली, आणि सकाळची धार काही पुढं ढकलली जात नाही.

आपल्या शरीराला दिवस-रात्रीचं स्वतःचं घड्याळ असतं. ते पेशीच्या आत कसं चालतं, हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. एक प्रथिन रात्रभर पेशीत साठत जातं, साठलं की स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालतं, दिवसा विरत जातं, की पुन्हा सुरुवात. हे घड्याळ उजेडावर लागतं, आणि ते सरकवायचं म्हटलं तर दिवसाला तासाभराच्या आसपासच सरकतं. म्हणजे रात्रपाळीला ते जेमतेम रुळायला लागावं, तोवर आठवडा संपून लाईट दिवसावर. सुप्याच्या किंवा नगरच्या एमआयडीसीत पाळ्या बदलणाऱ्या पोरांचंही हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीकामाला ‘बहुधा कर्करोगाला कारण’ या यादीत घातलं, आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळीला तिथंच ठेवलं. ‘बहुधा’ हा शब्द लक्षात ठेव, रात्रपाळीवाल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नाही.

आपल्याच जिल्ह्यात यावर एक इलाजही निघाला, हे मला आवर्जून सांगायचंय. शेतीचा फिडर सौरऊर्जेवर चालवून दिवसा वीज द्यायची, या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रायोगिक प्रकल्प २०१७ मध्ये हाती घेतला तो पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला. योजनेच्या कागदावर युनिट, मेगावॅट, अनुदान असं सगळं असतं. माझ्या मते ती राज्यातली सगळ्यात मोठी झोपेची योजना आहे, आणि तसं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्या फिडरवर अजून दिवसाची लाईट आली नसेल तर ग्रामसभेत विचारा. बायकांनी विचारा. तोवर रात्रीची पाळी असली की नवऱ्याला संध्याकाळी तास-दीड तास झोपू दे, मगच जाऊ दे. परत आल्यावर खोली अंधारी करून दे, आणि पोरं, टीव्ही, पाहुणे सगळे बाहेर. ठिबक असेल तर ऑटो स्टार्टरवर भागतंय का तेही बघा, दर वेळी माणूसच कशाला उभा राहायला हवा?

यापेक्षा वाईट अवस्था उसाच्या फडातली. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि बीडकडून आलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेच्या अंधारात फडात उतरतो. आणि कारखान्याची गाडी रात्री कितीला येईल त्याला धरबंध नसतो. आली की उठून मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. त्यातल्या बाईला कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतून चूल पेटवायचीच असते. तिला ‘रोज ठरावीक वेळी झोपा’ असं कोण तोंडानं सांगणार? आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून आपण प्रवरानगरचं नाव अभिमानानं घेतो. साखरेच्या पोत्यामागं किती जागरणं आहेत, हेही कुठंतरी मोजलं जावं.

झोप कमी पडल्यानं नुसता थकवा येतो असं नाही, रक्तातली साखरही बिघडते. शिकागोत १९९९ मध्ये ११ तरुण, निरोगी पुरुषांना सहा रात्री चार-चार तासच झोपू दिलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद घसरली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी झाली. प्रयोग लहान होता, पण नंतरच्या अभ्यासांनी तोच सूर धरला. आपल्याकडं घरटी एक शुगरवाला निघतो, आपण त्याचा भात बंद करतो, चहातली साखर मोजतो. किती वाजता झोपतो हे डॉक्टरसुद्धा क्वचित विचारतात.

आणि रविवारी भरून काढीन म्हणशील, तर तेही फारसं साधत नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ६१ हजार लोकांच्या मनगटावरच्या पट्ट्यांची नोंद तपासली गेली. किती तास झोपला यापेक्षा रोज त्याच वेळी झोपला-उठला का, यावरून माणसाच्या आयुष्याचा अंदाज जास्त बरोबर येत होता. अशा अभ्यासात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पक्कं सांगता येत नाही, आजारी माणसाची झोपही अनियमितच असते. तरी मला यातून एक सोयीचं दिसतं. तास वाढवणं तुझ्या हातात लगेच नसेल, वेळ धरणं थोडंफार आहे. लग्नसराईत, यात्रेत मोडेल, मोडू दे.

आता मला सगळ्यात आवडलेला अभ्यास सांगते, कारण तो आपल्यासारख्या माणसांवर झालाय. चेन्नईत, २०२१ मध्ये छापून आला. कमी उत्पन्नाची ४५२ माणसं. ती रात्री आठ तास अंथरुणात असत, पण मनगटाच्या यंत्रावर झोप भरायची साडेपाच तासच. डास, उकाडा, आवाज, गर्दी. संशोधकांनी काहींना पंखे, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानाचे बोळे, गाद्या दिल्या, झोपेबद्दल समजावलं, काहींना तर जास्त झोपल्याबद्दल पैसेही दिले. रात्रीची झोप सत्तावीसेक मिनिटं वाढली. पण कामात, कमाईत, तब्येतीत काहीच फरक पडला नाही! झोपेचे गोडवे गाणारे यावर गप्पच बसतात. मला वाटतं, तुटक-तुटक झोपेत आणखी थोडी तुटक झोप घातली, तर तिचा फायदा कुठून दिसणार? त्याच अभ्यासात दुसऱ्या गटाला कामाच्या ठिकाणी दुपारी शांत जागी अर्धा तास डुलकी घेऊ दिली. त्यांचं काम सुधारलं, मन प्रसन्न राहिलं, लक्ष वाढलं. शेवटी हाती लागला तो निष्कर्ष असा, आणि आपण पुण्याच्या वामकुक्षीची चेष्टा करत बसलो.

तर दुपारी जेवणानंतर वीस-तीस मिनिटं आडवी हो. लिंबाखाली हो, गोठ्याच्या सावलीला हो. पुरुष पारावर पाय पसरून झोपला तर त्याला कुणी काही बोलत नाही. बाई दुपारी झोपली की ‘सुनेला काम नाही वाटतं’. हे ऐकून घे आणि तरी झोप. फक्त तीननंतर नको, आणि दीड तासाची नको, मग रात्रीची मोडते. संध्याकाळच्या चहाचंही तसंच. सहाचा चहा प्यायलीस तर त्यातलं निम्मं कॅफिन अकरा वाजताही अंगात असतं. आणि मिश्रीबद्दल एकदा स्पष्ट बोलू दे. ‘मिश्री लावल्याशिवाय झोप येत नाही,’ असं आपल्याकडच्या बायका म्हणतात. तंबाखूतलं निकोटिन मेंदूला जागं करणारं आहे. सवयीची तलफ भागते म्हणून बरं वाटतं, झोप त्यानं येत नाही. आत्याबाईंना सांगायला जमणार नाही तुला, पण तू तरी ती डबी जवळ करू नकोस.

पोरांचं काय, तर यात आपलं सरकार एकदा तरी झोपेच्या बाजूनं उभं राहिलं. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका. बसवाले कुरकुरले, नोकरीवाले आईबाप कुरकुरले. पण पोरं उशिरा झोपतात आणि अर्धवट झोपेत शाळेत येतात, हे कारण आदेशातच लिहिलेलं होतं. अमेरिकेत सिएटलला मोठ्या मुलांच्या शाळा ७.५० वरून ८.४५ ला नेल्या, तेव्हा मुलं सकाळ वाढली म्हणून रात्री जागत बसली नाहीत, त्यांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. तुझी धाकटी शाळेत जाते तिथं नऊची वेळ पाळतात का, पालकसभेत विचार.

मोबाईलवर ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ असं फिरतं, तूही मला पाठवलंस. त्याच्यामागं खरं संशोधन आहे. २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं उंदरांत दाखवलं, की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि कचरा वाहून जातो. पण २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांतच उलट दिसलं, झोपेत ही सफाई मंदावते. वाद चालू आहे. तेव्हा तो मेसेज पुढं ढकलताना जरा थांब. ब्रिटनच्या सुमारे आठ हजार सरकारी नोकरांना २५ वर्षं धरून पाहिलं, तेव्हा पन्नाशी-साठी-सत्तरीत कायम सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंश ३० टक्के जास्त आढळला, हे २०२१ चं काम मला अधिक वजनदार वाटतं. तरी तेही घाबरायला नाही.

दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नकोस. रात्री टेकलं की पाय वळवळतात, ओढतात, उठून चालल्याशिवाय चैन पडत नाही, असं होतं का? ते बऱ्याचदा शरीरातलं लोह कमी झाल्यानं होतं, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घे. दुसरं घोरणं. पुरुष घोरला तर विनोद, बाई घोरली तर लाज, म्हणून आपण बोलत नाही. पाळी जायच्या वयानंतर बायकांत झोपेत श्वास अडण्याचा आजार वाढतो. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रक्तदाब गोळीनंही खाली येत नाही, आणि नवरा सांगतो ‘मध्येच श्वास थांबतो तुझा’, तर मोठ्या रुग्णालयात झोपेची तपासणी होते, ती करून घ्यायची. आणि मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची अर्धी गोळी, शेजारणीला लागू पडली म्हणून, कधीही घ्यायची नाही. महिनोन्महिने झोप येत नसेल तर गोळीच्या आधी सवयी आणि विचार बदलण्याची पद्धतशीर उपचारपद्धती करावी, असं डॉक्टरच सांगतात. तिच्यातलं एक आजच करता येईल: जाग आली आणि झोप येईना, तर कूस बदलत कर्जाचा हिशोब करत पडू नकोस. उठून दुसऱ्या खोलीत बस, पेंग आली की परत ये. सकाळी मात्र ठरल्या वेळीच ऊठ.

आणखी एक, शिर्डीहून किंवा लग्नाहून रात्री परतताना गाडी चालवणाऱ्याला विचार, सकाळी कितीला उठलास? १७ ते १९ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका किंवा त्याहून वाईट चालवतो, असं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं. आपल्या कायद्याची हद्द ०.०३ आहे. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री बाराला नगर-मनमाड रस्त्यावर निघाला, की तो हिशोबानं झिंगलेलाच. मुक्काम करा, पाहुणे काही हाकलून देत नाहीत.

आता तुझं काम. या आठवड्यात नवऱ्याशी बस आणि वाटणी कर. आठवड्यातले तीन दिवस पहाटेची धार आणि डेअरी त्याची किंवा मोठ्या पोराची, तेरा वर्षांचं झालंय, हात चांगला चालतो त्याचा. रात्रीची भांडी ज्यांनी-त्यांनी आपापली घासायची, किंवा सकाळवर टाकायची, भांडी काही पळून जात नाहीत. दहाला तू अंथरुणात, दुपारी अर्धा तास तुझा. आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं तर माझं नाव सांग, मी बोलते त्यांच्याशी.